पान एकेचाळीस

कादंबरी आली तेव्हा तीन प्रती घेतल्या होत्या.
खाकी कव्हर, पाठीवर नंबर, आत तारखांची चिठ्ठी.
दोन हरवल्या. तिसरी उरली, कारण तिच्यात
पान एकेचाळीसवर कुणीतरी पेन्सिलनं लिहिलेलं:
खुनी कंपाउंडर आहे.

मी खोडलं नाही.
कळलेलं रहस्यही लोक नेतच होते. उमाठे वहिनी म्हणाल्या,
आधी माहीत असलं की कसं, निवांत भीती वाटते.

मग सिनेमावाले आले.
मे महिना, पारा सेहेचाळीसवर. धंतोलीतल्या आमच्या गल्लीत
कुत्रीसुद्धा कूलरच्या गळतीत पोट टेकून पडलेली,
आणि दिग्दर्शकाला हवा होता पाऊस.
रात्रभर टँकरनं पडला.
पलीकडची पोट्टी बादल्या घेऊन धावली,
खोट्या पावसातून खरं पाणी भरून नेलं.
प्रेताचं काम करणारी मुलगी सात वेळा भिजली,
आठव्यांदा शिंकली.

माझं दुकान त्यांनी दोन दिवस भाड्यानं घेतलं.
कपाटांवर आणखी धूळ मारली, डब्यातली, विकतची.
पटकथा लिहिणारा पोरगा स्टुलावर बसून बघत राहायचा:
मी कव्हर कसं घालतो,
घडी नखानं कशी दाबतो,
दोरा दातांनी कसा तोडतो.
काका, परत एकदा दाखवा ना.
दाखवलं.
कौतुक कुणाला नको असतं, बाप्पा.

सीताबर्डीत पहिला शो. शेजारी पिंपळशेंडे,
कोर्टातून निवृत्त झालेले स्टेनो, तिकीट त्यांनीच काढलेलं.
मध्यंतरापर्यंत सगळं पुस्तकासारखं,
फक्त नागपूर निळं.
गांधीसागरावर धुकं, इतवारीत धुकं,
इन्स्पेक्टर तर्री पोहे खातो तेही अंधारात.
मध्यंतरानंतर कंपाउंडर मेला.
पान एकेचाळीस वाचलेले सगळे
खुर्चीत सरळ झाले.

मग पडद्यावर नुसते दोन हात आले.
खाकी कागद.
नखानं दाबलेली घडी.
दातांनी तोडलेला दोरा,
जो पहिल्या रिळापासून सगळे शोधत होते.

पिंपळशेंड्यांनी पॉपकॉर्न माझ्याकडे धरला होता,
तो हळूच मागे घेतला.

आता उमाठे वहिनी उंबऱ्यावरूनच पुस्तकं परत करतात.
शाळेतली पोरं डोकावून विचारतात,
काऊन मारलं हो काका तिले?
मी हसतो. हसणं बहुतेक चुकतं,
कारण पोरं पळतात.

खरं सांगू, मला राग आला नाही.
चौतीस वर्षं रजिस्टर ठेवतो आहे.
कोण कुठल्या पानाला थांबतं,
कुणाच्या पुस्तकात कुणाची चिठ्ठी राहते,
कुठली बाई विषाचं पुस्तक तीनदा नेते
आणि नवरा मेल्यावर एकदाही नाही.
एवढं जाणणाऱ्या माणसावर
इतकी वर्षं संशय कसा आला नाही,
नवल त्याचं.

परवा तिसरी प्रत परत आली.
पान एकेचाळीसवर कंपाउंडर खोडलेला,
शेजारी, तशाच पेन्सिलनं: लायब्ररीवाला.
‘ल’ची शेपटी वर वळलेली.
दिवा जवळ ओढला, रजिस्टर उघडलं,
सह्यांच्या रकान्यावरून बोट फिरवत गेलो.
बाहेर मेट्रो गेली, काचा हलल्या.
एक हजार नऊशे ब्याऐंशी नंबरच्या सहीत
ती शेपटी सापडली.

नाव तुम्हाला सांगत नाही.

जुनं कव्हर काढलं, नवं घातलं.
घडी नखानं दाबली.
मग त्या नंबरला फोन लावला:
तुम्ही सांगून ठेवलेलं पुस्तक आलंय.
सावकाश या.
दुकान नऊपर्यंत उघडं आहे.